दाराशी बुटांचे दोन जोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन पुरुषांच्या प्रेमावरचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा तुम्ही लिहिताय, पैसे बेताचे आहेत, आणि पटकथा वाचणारे म्हणतात, "छान आहे, पण खरं वाटत नाही." खरं वाटायला काय करावं, शरीराची जवळीक किती दाखवावी, नट गे असायलाच हवेत का, आणि शेवट सुखाचा केला तर तो भाबडा वाटेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी २२ वर्षं संकलन करतोय, त्यातली बरीच छोट्या, स्वतंत्र फिल्म्सवर गेली. मी स्वतः गे आहे. त्यामुळे यातल्या काही गोष्टी मला कामातून कळल्या आणि काही जगण्यातून.

तुमची पटकथा दोनदा वाचली. तुमचे दोन नायक एकमेकांकडे पाहतात तेव्हा ते फक्त एकमेकांकडेच पाहतात. खोट नेमकी तिथे आहे.

दोन पुरुष प्रेमात पडतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एक हिशोब सतत चालू असतो. इथे आणखी कोण आहे? दार नीट लागलंय का? खांद्यावरचा हा हात मित्राचा म्हणून खपेल, की आता काढून घ्यायला हवा? हा हिशोब म्हणजे दर वेळी भीतीच असते असं नाही. पुष्कळदा ती नुसती अंगवळणी पडलेली सवय असते. मी आणि माझा जोडीदार १४ वर्षं एकत्र राहतोय. आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, आजवर कुणी वाकडा शब्द काढलेला नाही. तरी लिफ्टचं दार उघडायला लागलं की आम्ही अर्धं पाऊल एकमेकांपासून लांब होतो. ठरवून नाही. पाय आपले आपण सरकतात.

प्रेमाची गोष्ट या हिशोबाच्या आसपास घडते. तो चुकतो तिथे, क्षणभर विसरला जातो तिथे, आणि सगळ्यात जास्त, एकाने तो कायमचा सोडलेला असतो आणि दुसऱ्याला अजून सोडता येत नाही तिथे. पटकथेत हा हिशोब नसेल तर उरतात दोन देखणी माणसं आणि एक सर्वसाधारण प्रेमकथा, ज्यात नायिकेच्या जागी पुरुष बसवलाय असं वाटत राहतं. तुमचे वाचक "खरं वाटत नाही" म्हणतात ते यासाठी. कारण त्यांना सांगता येत नसेल, पण खटकतं हेच.

एक प्रसंग जवळून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या फिल्मचं संकलन माझ्याकडे होतं. जवळजवळ सगळं शूटिंग एका खोलीत, मोजक्या माणसांचं युनिट. पहिल्या रात्रीनंतरची सकाळ आहे. दोघं कसल्याशा किरकोळ गोष्टीवरून हसतायत आणि बाहेर जिन्यात पावलं वाजतात. पटकथेत इतकंच होतं: "दोघं घाबरतात." पहिल्या सहा टेकमध्ये नट घाबरले. डोळे मोठे झाले, श्वास रोखला गेला, सगळं लिहिल्याप्रमाणे झालं आणि त्यातलं काहीही खरं वाटलं नाही. सातव्या टेकमध्ये, ज्याची ती खोली आहे त्या नटाने वाक्य न तोडता, हसता हसताच, दाराशी पडलेला दुसऱ्याच्या बुटांचा जोड पायाने पलंगाखाली सरकवला. खाली पाहिलंसुद्धा नाही. समोरच्याने मात्र पाहिलं.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, करताना मी चूक केली. सरकणाऱ्या बुटांचा क्लोजअप घातला, मग पाहुण्याचा चेहरा दोन सेकंद, मग दार. अर्थ कळत होता, पण कुठे टोचत नव्हता. क्लोजअप प्रेक्षकाचं बोट धरून "हे बघ" म्हणत होता. दिग्दर्शिकेने तो काढायला लावला आणि तिचं बरोबर होतं. आम्ही वाइड शॉट ठेवला, बूट फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, ज्याला दिसतील त्याला दिसतील. पाहुण्याचा चेहरा दोनऐवजी सात सेकंद ठेवला. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे वाढवलेले पाच सेकंद १२० फ्रेमचे. त्या १२० फ्रेममध्ये त्याला आधी लागतं, मग तो समजून घेतो, आणि मग बहुधा त्याला आठवतं की आपणही कुणाचे तरी बूट असेच लपवले होते. नटाने यातलं काही वेगळं करून दाखवलं नव्हतं. चेहऱ्यावर ते होतंच, मी फार लवकर कापत होतो.

त्याच फिल्ममध्ये अगदी शेवटाकडे बुटांचे ते दोन जोड दाराबाहेर शेजारी शेजारी दिसतात. त्यावर कुणी बोलत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, शॉट चार सेकंदांत संपतो. पहिल्या खेळाला त्या चार सेकंदांत थिएटर इतकं शांत झालं की एसीचा आवाज ऐकू येत होता.

आता हेच तुमच्या पानांवर लावून पाहा. बाराव्या पानावर गच्चीत, भर पावसात, दोघं पहिल्यांदा चुंबन घेतात. समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुठे गेल्या? त्या दोघांपैकी एकाने तरी गच्चीवर येता येता त्यांच्याकडे पाहिलं असणार. कोणी पाहिलं आणि कोणी पाहिलं नाही, एवढं जरी तुम्ही ठरवलंत तरी दोन्ही पात्रं एका क्षणात वेगवेगळी होतील. सध्या ती एकसारखी बोलतात, एकसारखी लाजतात, एकसारखी धीट होतात.

हा फरक किती दूर नेता येतो ते पाहायचं तर अँड्र्यू हेग यांचा 'वीकएंड' (२०११) पुन्हा पाहा. नॉटिंगहॅम शहरातले दोघं, रसेल आणि ग्लेन, शुक्रवारी रात्री भेटतात आणि ग्लेन लवकरच देश सोडून जाणार आहे. एवढीच गोष्ट. ग्लेनने हिशोब रागाने फेकून दिलाय, तो बारमध्ये अनोळखी लोकांसमोरही मुद्दाम मोठ्याने बोलतो. रसेल घरात मोकळा असतो, पण उंबरठ्याबाहेर पडला की आक्रसतो. प्रेमकथेतला खलनायक कुठे शोधायची गरजच उरत नाही, दोघांमधल्या या अंतरातूनच सगळं घडतं. सकाळी ग्लेन छोट्या टेपरेकॉर्डरवर रसेलला रात्रीबद्दल बोलायला लावतो, तेव्हा रसेलला ज्या शब्दांशी अडायला होतं ते शब्द म्हणजेच त्याचं आजवरचं आयुष्य. शूटिंग बरंचसं कथेच्या क्रमाने केलेलं होतं. मोठ्या निर्मितीत हे परवडत नाही, पण दोन नट आणि चार जागा असतील तर परवडतं. तुम्हीही तसंच करा. पहिल्या दिवशीचा अवघडलेपणा नटांना दहाव्या दिवशी परत आणता येत नाही. तसले शॉट्स टेबलावर आले की मला लगेच कळतं: हात फार सरावाने पडतात.

त्याच सिनेमातला रसेलचा मित्र जेमी मला फार महत्त्वाचा वाटतो. तो गे नाही, रसेलवर त्याचा जीव आहे, आणि रसेल आपल्या आयुष्यातलं काही सांगतच नाही याचं त्याला वाईट वाटतं. शेवटी तोच त्याला गाडीत घालून स्टेशनवर नेतो. तुमच्या पटकथेत गे नसलेली माणसं दोनच प्रकारची आहेत, शत्रू किंवा अडाणी. असं नसतं. खरी माणसं प्रेमाने विचारतात, चुकीचं बोलतात, उशिरा समजून घेतात, आणि कधी कधी आपणच त्यांना संधी देत नाही.

हिशोब थांबण्याचा क्षण किती छोटा असू शकतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण बॅरी जेन्किन्स यांच्या 'मूनलाइट'मध्ये (२०१६) आहे. तीन भाग, एकच माणूस, तीन नट. तिसऱ्या भागातला शायरन पीळदार अंगाचा, दातांवर सोन्याचे साचे चढवलेला माणूस आहे. वर्षांनुवर्षांनी तो केविनच्या छोट्या हॉटेलात येतो आणि केविन त्याच्यासाठी स्वतः रांधतो. खायच्या आधी शायरन ते सोन्याचे साचे तोंडातून काढतो. एवढंच. कवच उतरलं. संवादात हे सांगायला अर्धं पान लागलं असतं आणि तरी ते पोचलं नसतं. तुमच्या नायकाला असं काय आहे, जे तो फक्त या एका माणसासमोर काढून ठेवेल? मला त्याच्या वस्तू माहीतच नाहीत. त्याचं पाकीट, त्याचा कंगवा, फोन टेबलावर पालथा ठेवण्याची पद्धत, काहीच नाही.

दुसरी मोठी उणीव म्हणजे तुमची माणसं फार चांगली आहेत. समजू शकतो. आपल्याला बाजू मांडायची असते, म्हणून आपण त्यांना आधीच निर्दोष करून ठेवतो. पण प्रेमात माणूस लबाडी करतो, मत्सर करतो, हक्क गाजवतो, आणि दोन पुरुषही तेच करतात. वाँग कार-वाय यांना 'हॅपी टुगेदर'साठी १९९७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्यातले दोघं परक्या देशात, अर्जेंटिनात, पैशाविना अडकलेत. एक जण दुसऱ्याची सेवा करतो, स्वतः तापाने फणफणलेला असताना उठून त्याच्यासाठी रांधतो, आणि तोच माणूस त्याने सोडून जाऊ नये म्हणून त्याचा पासपोर्ट लपवून ठेवतो. माया आणि कैद एकाच हातातून येतात. तो सिनेमा कुणाची बाजू मांडत नाही, म्हणूनच दोघांवरही विश्वास बसतो. तुमच्या नायकांपैकी एकाला तरी काहीतरी असं करू द्या की ज्याची माफी मागणं त्याला जड जाईल.

पैसा आणि काम विसरू नका, हे पटकन सांगून पुढे जातो. हनिफ कुरेशींनी लिहिलेल्या, स्टीफन फ्रिअर्स यांनी १९८५ मध्ये केलेल्या 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट'मध्ये दोघांचं प्रेम कपडे धुण्याच्या दुकानाभोवती उभं राहतं, आणि कोण मालक, कोण नोकर हा सवाल बिछान्यापर्यंत येतो. तुमच्या दोघांचं पोट कशावर चालतं हे मला साठाव्या पानापर्यंत कळलं नाही.

आता शरीराचा प्रश्न. किती दाखवावं, असं तुम्ही विचारलंत. मी विचारीन, त्या प्रसंगाआधी आणि नंतर त्यांच्यात काय बदललेलं असेल? काही बदलत नसेल तर दहा सेकंदही जास्त आहेत. बदलत असेल तर तीन मिनिटंही कमी पडतील. फ्रान्सिस ली यांच्या 'गॉड्स ओन कंट्री'मध्ये (२०१७) यॉर्कशरमधला मेंढपाळ जॉनी आणि कामाला आलेला रुमानियाचा गिओर्गे पहिल्यांदा जवळ येतात ते चिखलात, झोंबाझोंबीत, जवळजवळ मारामारी वाटावी असे. जॉनीला स्पर्श तेवढाच माहीत आहे. पुढे गिओर्गे त्याला थांबवतो, हळू व्हायला लावतो, आणि स्वतःला कुणीतरी मायेने हात लावू देणं जॉनीला आपल्या डोळ्यांदेखत शिकावं लागतं. दोन प्रसंगांच्या मधलं अंतर हीच त्या सिनेमाची कथा आहे. आणि ते पटतं, कारण मधल्या काळात आपण त्याच हातांना काम करताना पाहिलेलं असतं. मेलेल्या कोकराचं कातडं सोलून गिओर्गे ते एका पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवतो, मेलेल्याच्या आईने त्याला आपलं म्हणावं म्हणून. शूटिंगच्या आधी दोन्ही नटांनी शेतावर प्रत्यक्ष काम केलं होतं. हात खोटे बोलत नाहीत तो परिणाम त्या मेहनतीचा आहे.

तुमच्या ४१ व्या पानावरचा प्रसंग मेणबत्त्यांचा आणि मंद संगीताचा आहे. त्यात कुणाचं कोपर कुणाला लागत नाही, शर्ट डोक्यात अडकत नाही, कुणी हसत नाही, कुणी "थांब जरा" म्हणत नाही. पहिल्यांदा जवळ येणारी माणसं एकमेकांना खूप विचारतात, अर्धं शब्दांनी, अर्धं नजरेने. हे विचारणंच दाखवा. मला तरी पडद्यावर त्याहून जास्त ओढ लावणारं काही दिसलेलं नाही.

करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मी हट्टी आहे. असा प्रसंग नृत्यासारखा आधी बसवलेला हवा: हात कुठून कुठे जाईल, कुठे थांबेल, कुणी कुठे नाही म्हटलंय. गेल्या काही वर्षांत यासाठी इंटिमसी को-ऑर्डिनेटर, म्हणजे असे प्रसंग नटांच्या संमतीने बसवून देणारी माणसं, आली, हे फार चांगलं झालं. तुम्हाला परवडत नसेल तर निदान हे करा: काय दाखवलं जाईल ते लेखी ठरवा, त्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवा, आणि संकलित प्रसंग नटांना फिल्म लॉक होण्याआधी, म्हणजे संकलन कायम होण्याआधी, दाखवा. मी एका फिल्मवर असताना हे झालं नव्हतं. नटाने ते फुटेज थेट महोत्सवातल्या पडद्यावर पाहिलं आणि मध्येच उठून बाहेर गेला. कट माझा होता. ती गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर दाखवल्याशिवाय मी असा एकही प्रसंग लॉक केलेला नाही.

नट गे असायला हवेत का? नटाला ऑडिशनमध्ये हे विचारू नका, तो त्याचा खासगी प्रश्न आहे, आणि उत्तर देणं त्याला धोक्याचं ठरू शकतं. उघडपणे गे असलेल्या नटांना मात्र तुम्ही बोलावता का, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा, कारण एरवी त्यांना या भूमिकाही मिळत नाहीत आणि दुसऱ्याही. माझ्या मते नटाहून जास्त फरक पडतो तो टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी. लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांपैकी एका तरी खुर्चीत असं कुणीतरी हवं ज्याला "असं होत नाही" म्हणता येईल आणि ज्याचं ऐकलं जाईल.

घरच्यांना कळण्याचा तुमचा मोठा प्रसंग मला काढून टाकावासा वाटतो. तो वाईट लिहिलाय म्हणून नाही. बऱ्याच घरांत कळणं असं एका संध्याकाळी घडत नाही, म्हणून. आईला माहीत असतं, तिला माहीत आहे हे मुलाला माहीत असतं, आणि दोघं त्याच्या कडेकडेने वर्षांनुवर्षं चालतात. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला, तो आपल्याच भाषेतला सिनेमा. त्यात वडील गेल्यावर गावी आलेल्या आनंदच्या आईला मुलाबद्दल आधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे स्फोटाची वाट पाहण्यात वेळ जात नाही. दहा दिवसांचं सुतक, लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक, आणि त्या सगळ्यांतून बालपणीच्या मित्राबरोबर चोरून मिळणारा वेळ, यांना जागा मिळते. शोक आणि प्रेम एकाच घरात राहतात. तुमच्या नायकाच्या आईलाही पहिल्या पानापासून माहीत असेल असं धरा आणि तोच प्रसंग पुन्हा लिहून पाहा.

राहिला शेवट. तुमच्या पटकथेत शेवटी एक जण अपघातात जातो. कृपा करून त्याला मारू नका.

हे मी हळवेपणाने म्हणत नाही, यामागे जुना इतिहास आहे. हॉलिवुडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मिती संहितेने, म्हणजे पडद्यावर काय चालेल आणि काय नाही याच्या नियमावलीने, समलिंगी प्रेमाचा उल्लेखही वर्ज्य केला होता. १९६१ मध्ये ती अट थोडी सैल झाली, पण पुढची कित्येक वर्षं अशी पात्रं पडद्यावर आली ती बहुतेक गळफास घ्यायला, खून व्हायला किंवा एकटी झुरायला. शिक्षा झाली की मग दाखवायला हरकत नाही, असा तो अलिखित व्यवहार होता. इंग्लिश लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही पुरुषांमधल्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ती छापली गेली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की सुखाचा शेवट त्यांना अत्यावश्यक वाटत होता, आणि नायकाने जीव दिला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं. जेम्स आयव्हरी यांनी १९८७ मध्ये त्यावर सिनेमा केला तेव्हाही तो शेवट तसाच ठेवला. तेव्हा सुखाचा शेवट भाबडा असतो हा समज सोडून द्या. आपल्याकडे तो मोठी किंमत देऊन आलेला आहे.

मात्र सुख म्हणजे लग्न आणि सनई नव्हे. 'वीकएंड'मध्ये दोघं स्टेशनवर निरोप घेतात, तरी ती हार वाटत नाही, कारण रसेल चारचौघांत जे कधी करत नव्हता ते तिथे करतो. विरह चालेल, भांडण चालेल, अनिश्चितता तर उत्तमच. पण तुमच्या अपघाताला कथेत कारण नाही. तो लेखकाची सुटका करतो, कारण मग त्या दोघांना रोजचं एकत्र जगणं कसं जमेल हे लिहावं लागत नाही. तेच तर अवघड आहे, आणि तेच मला तुमच्याकडून वाचायचंय: कपाटाचा कुठला कप्पा कुणाचा, घर भाड्याने घेताना मालकाला काय सांगायचं, दवाखान्याच्या फॉर्मवर "नातं" या रकान्यासमोर पेन कसं थांबतं.

नवा मसुदा करताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात एवढंच लिहा: इथे त्यांना कोण पाहू शकतं, आणि दोघांपैकी कुणाच्या ते लक्षात आहे. ज्या प्रसंगांसमोर काही लिहिता येणार नाही, ते बहुधा काढावे लागतील. मग मला पाठवा. ४१ वं पान मी सगळ्यात आधी वाचेन.